पिवळं, काळं, गुलाबी

ब्लीचिंग पावडरचा वास आला की मला कॉलेज आठवतं. इतरांना कँटीन आठवतं, गॅदरिंग आठवतं, कुणाला आणखी कुणी आठवतं. माझ्या नाकात मात्र तो चुनकट, उग्र, डोळ्यांतून पाणी काढणारा वास शिरतो आणि मागोमाग आमच्या रसायनशास्त्राच्या सरांचा आवाज येतो, "अरे, रुमाल बांध तोंडाला, आणि वाऱ्याकडं तोंड करून पिशवी फोडू नको!"

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. जालना जिल्हा १ मे १९८१ ला नवानवा झालेला. आमचं कॉलेज तेव्हाच्या मराठवाडा विद्यापीठाला जोडलेलं. राष्ट्रीय सेवा योजनेचं हिवाळी शिबिर म्हणजे एखाद्या खेड्यातल्या शाळेच्या खोलीत सतरंज्या, पहाटे प्रभातफेरी आणि दुपारी श्रमदान. १९६९ मध्ये गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी ही योजना सुरू झाली. बहुतेक कॉलेजांनी तिचा अर्थ रस्ता दुरुस्ती, झाडं लावणं आणि रात्री करमणुकीचा कार्यक्रम असा लावला होता. लावलेली झाडं पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यांत पुन्हा लावायची, अशी सोयही होती. आमच्या सरांनी खड्डे सोडले आणि गावची विहीर धरली.

विहीर शुद्ध करणं हा प्रकार दिसतो तेवढा सोपा नाही. आधी माप घ्यायचं. सुतळीला दगड बांधून पाण्याची खोली, काठावर समोरासमोर दोरी ताणून व्यास. चार मीटर रुंद विहिरीत तीन मीटर पाणी असलं तर ते सदतीस हजार लिटरांच्या वर भरतं. हजार लिटरला अडीच ग्रॅम पावडर, म्हणजे अख्ख्या विहिरीला चौऱ्याण्णव ग्रॅम. इथं गावकऱ्यांचा विश्वास उडायचा. "एवढ्या पाण्याला एवढीशीच? मागच्या पावसाळ्यात ग्रामसेवकानं अर्धं पोतं वतलं व्हतं की!" ओतलं होतं हे खरं, आणि त्यानंतर आठ दिवस गाव त्या विहिरीकडं फिरकलं नव्हतं, गाळातल्या खड्ड्याचं पाणी पीत होतं, हेही खरं.

मग प्लास्टिकच्या बादलीत पावडरीचा लगदा करायचा, वर पाणी घालून ढवळायचं आणि पाच-दहा मिनिटं तसंच ठेवायचं. चुना तळाला बसतो. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत काढायचं; तो चुना विहिरीत जाऊ द्यायचा नाही, पाणी जड होतं. ही दुसरी बादली दोरानं विहिरीत सोडून पाण्याखाली खालीवर, डावीउजवीकडं हिसके द्यायचे, म्हणजे औषध सगळीकडं पोचतं. आणि मग तासभर कुणी पोहरा टाकायचा नाही. क्लोरीनला जंतू मारायला तेवढा वेळ लागतो.

तो तास सरांचा. सगळं शिबिर त्या तासासाठीच आहे, असं मला तेव्हाच वाटायला लागलं होतं. घागरी, हंडे, कळश्या घेऊन बाया थांबलेल्या, पोरं कठड्याला लोंबकळलेली, म्हातारी माणसं लिंबाखाली. जाणार कुठं? पाणी न्यायचं आहे. अशा अडकलेल्या माणसांपुढं सर भाषण करायचे नाहीत, विचारायचे. "ह्या पाण्यात डाळ शिजते का?" शिजत नाही, म्हणून डाळीसाठी बाया मळ्यातल्या विहिरीचं पाणी आणायच्या. पाण्याचा जडपणा आम्ही प्रयोगशाळेत ब्युरेट लावून काढायचो, त्यांनी तो चुलीवर काढलेला होता आणि उत्तर जुळत होतं. हे सर आम्हाला मुद्दाम ऐकवत. एकदा एका आजोबांनी सगळ्यांदेखत विचारलं, "ह्या औषधानं पोरं हुत न्हाईत म्हणत्यात, खरं का?" कुणी हसलं नाही. आणीबाणीतली नसबंदी होऊन चारपाच वर्षंच झाली होती आणि सरकारी पांढऱ्या पावडरीवर विश्वास ठेवायचं लोकांना काही कारण नव्हतं. सरांनी त्याच विहिरीचं पाणी, तास झाल्यावर, आधी स्वतः प्यायलं. मग आम्हाला पाजलं. आमची लग्नं व्हायची होती, त्यामुळं पुरावा जरा लांबचा होता.

तास झाला की छोट्या काचनळीत पाणी घ्यायचं, ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकायचे आणि दहा सेकंदांच्या आत रंग बघायचा. फिकट पिवळा आला की पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे, म्हणजे सगळे जंतू मारून वर उरला आहे. नळी उन्हात धरलेली आणि पंचवीस डोकी तिच्यावर वाकलेली. "पिवळं झालं!" ही आरोळी पोरांची. हेच ते विद्यापीठाचं संशोधन, असं म्हटलं तर विद्यापीठाला राग येईल. पण आमच्या भागात विज्ञान पहिल्यांदा चालत आलं ते असं, नळीत पिवळं होऊन.

त्याआधी काही नव्हतं असं नाही. माझी आजी गढूळ पाण्यात निवळीचं बी उगाळून घालायची, नाहीतर तुरटीचा खडा फिरवायची. पाणी दुपदरी फडक्यातून गाळल्याशिवाय रांजणात जायचं नाही. तिला जंतू ठाऊक नव्हते, नारू ठाऊक होता. शेजारच्या एका बाईच्या घोट्यावर फोड आला, फुटला आणि त्यातून पांढरा दोरा बाहेर यायला लागला, तो काडीला गुंडाळत रोज थोडाथोडा ओढायचा, तुटला तर पाय सुजून चढतो, हे ती आम्हाला जेवताना सांगायची. वेळ तिला कळायची नाही. नारूचा जंत हात-दोन हात लांब असतो. पायविहिरीत पायऱ्या उतरून माणूस पाण्यात पाय घालतो, फोडातून अळ्या पाण्यात सुटतात, त्या सायक्लॉप्स नावाच्या, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या जिवाच्या पोटात जातात, आणि ते पाणी न गाळता पिणाऱ्याच्या अंगात वर्षभरानं नवा दोरा तयार होतो. आजीच्या फडक्यात तो सायक्लॉप्स अडकायचा. तिला कारण माहीत नसताना उपाय बरोबर सापडला होता.

नारूवर लस नव्हती, औषध नव्हतं. तरी तो गेला. १९८३-८४ मध्ये देशभर मोहीम सुरू झाली. महाराष्ट्रातही गावोगाव पायविहिरींच्या पायऱ्या बंद करून वर कठडा आणि रहाट बसवले, सायक्लॉप्स मारायला पाण्यात टेमेफॉस टाकलं, आणि मुख्य म्हणजे दारोदार जाऊन पाणी गाळायला आणि फोड आलेला पाय पाण्यात न घालायला सांगितलं. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात सापडला. फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त झाल्याचा दाखला दिला. एक अख्खा रोग सांगून सांगून घालवला, ही गोष्ट पोलिओच्या थेंबांइतकी आपल्या लक्षात राहिलेली नाही. थेंबांचा फोटो काढता येतो, सांगण्याचा काढता येत नाही, एवढाच फरक असावा.

आता स्मरणरंजन म्हटलं की सगळं सोनेरी दिसायला लागतं, म्हणून मध्येच हे सांगून टाकतो. ती विहीर सगळ्या गावाची नव्हती. वस्तीची विहीर वेगळी, ओढ्याच्या खालच्या अंगाला, गावाचं सगळं वाहून जिथं जाईल तिथं. महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांनी २० मार्च १९२७ ला ओंजळीनं पाणी पिऊन पन्नासहून जास्त वर्षं झाली होती, विद्यापीठाला त्यांचं नाव द्यायचं की नाही यावरून मराठवाडा पेटून निघाला होता, आणि आमच्या शिबिरात दोन्ही बाजूंची पोरं एकाच सतरंजीवर झोपत होती. सरांनी पहिल्या दिवशी पहिली बादली वस्तीच्या विहिरीत सोडली. त्यावर ते काही बोलले नाहीत. गावातल्या एका प्रतिष्ठितानं विचारलं तेव्हा एवढंच म्हणाले, "ओढ्याच्या खालचं पाणी आधी बिघडतं, म्हणून तिथून सुरुवात." उत्तर शास्त्रीय होतं. त्याला ते कळलंही होतं.

बहात्तरचा दुष्काळ मी लहानपणी पाहिला. त्यानं पाण्याची सगळी तऱ्हाच बदलली. विहिरी कोरड्या पडल्या, तेव्हा युनिसेफनं कातळ फोडणारी झटपट यंत्रं आणली आणि गावोगाव विंधन विहिरी झाल्या. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा त्याच काळातली. जालन्याला या गोष्टीत एक छोटा मान आहे, आणि जालनेकरांनाच तो ठाऊक नसतो. ओतीव लोखंडाचे घरगुती हातपंप गावभराच्या वापरानं आठवड्यात मोडायचे. जालन्यातल्या चर्च ऑफ स्कॉटलंडच्या मिशनवाल्यांनी साठच्या दशकात त्यावर पोलादी, एका खांबावर झुलणाऱ्या दांड्याचा पंप बनवला, तो 'जालना पंप'. त्यात सोलापुरात सुधारणा झाली, आणि त्यातूनच सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात 'इंडिया मार्क टू' आला, जो पुढं आफ्रिकेपर्यंत गेला. आमच्या शाळेपुढचा हापसा हाच. त्याच्या दांड्याला लोंबकळून हात सोलून घेतलेली एक पिढी आज पासष्टीच्या घरात आहे.

हापशाचं पाणी झाकलेलं, म्हणून ते शुद्धच, असं सगळे धरून चालले. इथं विद्यापीठातली भूगर्भशास्त्राची माणसं कामाला आली. महाराष्ट्राचा पाचातला चार भाग काळ्या कातळाचा, बेसॉल्टचा. वर हात-दोन हात माती, खाली मुरूम, मग भेगाळ दगड, मग घट्ट काळवत्री, मधेच गेरूचा लाल पट्टा, पुन्हा दगड. वाळूच्या प्रदेशात पाणी गाळत गाळत खाली जातं. कातळात ते भेगेतून सरळ घुसतं आणि वरची घाणही तशीच सोबत नेतं. शिबिराला एकदा एक भूगर्भाचे प्राध्यापक आले होते. त्यांनी गावातल्या विहिरी खणणाऱ्या वडार म्हाताऱ्याला काठावर बसवलं आणि दोघं विहिरीच्या भिंतीकडं बोट दाखवून तासभर बोलत राहिले. म्हातारा म्हणायचा 'मांजऱ्या', प्राध्यापक वहीत लिहायचे सच्छिद्र बेसॉल्ट. शेवटी त्यांनी आम्हाला सांगितलं, "उकिरडा विहिरीच्या वरच्या अंगाला का नको, ते यांना विचारा. मला ते शिकायला एमएस्सी करावी लागली."

पाण्यात मैला मिसळला आहे का, हे मात्र पिवळ्या नळीतून कळायचं नाही. त्यासाठी तेव्हा नमुना बर्फात ठेवून जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पाठवायचा. बर्फ जालन्यात वितळायचा, उत्तर महिन्यानं यायचं, तोवर गॅस्ट्रो येऊन गेलेला असायचा. १९८२ मध्ये ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी एक साधी युक्ती प्रसिद्ध केली. छोट्या बाटलीत रसायन लावलेला कागद. बाटलीत खुणेपर्यंत पाणी भरायचं आणि उबेला ठेवायचं. मैल्यातले जंतू असतील तर त्यांच्यापासून हायड्रोजन सल्फाइड निघतो आणि पाणी काळं पडतं. बर्फ नको, प्रयोगशाळा नको, वीज नको. आमच्यापर्यंत ती यायला काही वर्षं लागली. मी तोवर एमएस्सी संपवून त्याच कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर झालो होतो.

त्या बाटल्या आम्ही मारुतीच्या पारावर ठेवल्या. प्रत्येकीवर चिठ्ठी: पाटलाची विहीर, वस्तीची विहीर, शाळेचा हापसा, देवळामागचा आड. रात्री गारठा म्हणून गोधडीत गुंडाळल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या हापशाची बाटली काळीकुट्ट. गावात खळबळ! कारण पाटलाची विहीर साफ निघाली आणि ज्या हापशाचं पाणी पाहुण्याला मुद्दाम काढून द्यायचे, तोच नापास. कुणी म्हणालं बाटल्या बदलल्या, कुणी म्हणालं पोरांनी काही टाकलं. पुन्हा लावल्या, सरपंचाच्या देखत. पुन्हा काळी. मग हापशाचा ओटा बघितला: सिमेंटला तडा गेलेला, भोवती डबकं, डबक्यात म्हशी. बाटलीनं गावाला जे पटवलं ते आमची दहा व्याख्यानं पटवू शकली नसती. ओटा दुरुस्त झाला, सांडपाण्याला चर निघाला. पाटलांनी मात्र पुढं वर्षभर भेटेल त्याला आपल्या विहिरीचा निकाल सांगितला.

आता बघा. परवा गावी गेलो तर माझ्या पुतण्याच्या बायकोनं पाणी तपासायची पेटी काढून दाखवली. जलजीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालं, माणशी रोज ५५ लिटर नळानं घरात, आणि प्रत्येक गावात पाच बायकांना पाणी तपासायचं शिक्षण. ती त्या पाचांतली. बीए झालेली आहे, हात स्थिर आहे. क्षार, क्लोराइड, लोह, फ्लोराइड, नायट्रेट, उरलेला क्लोरीन, सगळं त्या पेटीत. आम्हाला ज्यासाठी ब्युरेट, पिपेट आणि अर्धा दिवस लागायचा, ते ती स्वयंपाकघराच्या ओट्यावर, कुकरच्या दोन शिट्यांच्या मधल्या वेळात उरकते. निकाल फोनवर भरते आणि तो थेट दिल्लीपर्यंत जातो. मला मनापासून कौतुक वाटलं. पूर्वी पाण्याचं ओझं बाईच्या डोक्यावर आणि पाण्याचं ज्ञान पुरुषाच्या वहीत, अशी वाटणी होती. आमच्या शिबिरात मुली किती होत्या, हे सांगायला मला लाजच वाटेल.

तिनं नायट्रेटची नळी उजेडात धरली. गुलाबी, आणि गुलाबी म्हणजे तक्त्यावरचा शेवटचा, गडद गुलाबी. मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅमची. हे आमच्या काळात नव्हतं, किंवा होतं तरी आम्ही शोधत नव्हतो. उसाला आणि मोसंबीला घातलेला युरिया, आणि घरोघरच्या शोषखड्ड्यांतून कातळाच्या भेगांत उतरणारं पाणी. हागणदारी गेली हे फार मोठं काम झालं, त्याला बोल लावणाऱ्यांतला मी नाही. पण खड्डा विहिरीपासून किती लांब आणि कुठल्या अंगाला, हे कुणी बघितलं नाही. वडार म्हातारा असता तर त्यानं बघितलं असतं. आणि नायट्रेटची गंमत अशी की ते ब्लीचिंग पावडरीनं जात नाही, फडक्यानं जात नाही. उकळलं तर पाणी आटून उलट वाढतं. तान्ह्या बाळांना ते बाधतं, त्यांच्या रक्ताला प्राणवायू धरता येत नाही. आजीचे आणि सरांचे, दोघांचेही उपाय इथं संपतात.

"मग हे तू सांगितलंस का कुणाला?" मी विचारलं.

"काका, अपलोड केलं ना."

"गावात?"

"गावात कोण इचारतंय? सगळे जारचं पाणी पितात."

हे मात्र खरं होतं. वेशीवर आरओचा प्लांट आहे, वीस लिटरचा जार आहे, टेम्पो दारात येतो. घरोघरी निळे जार उलटे टांगलेले. ज्याला परवडतं तो जार घेतो, ज्याला परवडत नाही तो नळाचं पितो, आणि विहिरीचं काय चाललंय याच्याशी दोघांनाही घेणं नाही. पूर्वी पाटलाची बाटली साफ आणि शाळेची काळी निघाली तर गावात भांडण व्हायचं. आता प्रत्येकाचं पाणी वेगळं, त्यामुळं भांडायला निमित्तच नाही. मला त्या जुन्या पाण्याची आठवण येत नाही, ते पाणी बऱ्याचदा वाईटच होतं. आठवण येते ती त्या तासाची, आणि त्यात होणाऱ्या वादावादीची. आज चाचणी कैक पटींनी चांगली, शंभरपट लवकर होते. पण निकाल ज्यांनी ऐकायचा त्यांच्या कानावर तो पडत नाही.

विद्यापीठांचंही तसंच झालंय. आमच्या वेळी विभागात एक फ्लेम फोटोमीटर होता आणि त्याची चावी विभागप्रमुखांच्या खिशात. आज तालुक्याच्या कॉलेजातही बरी यंत्रं आहेत आणि मराठवाड्याच्या जवळपास प्रत्येक तालुक्याच्या भूजलावर कुणी ना कुणी पीएचडी केलेली आहे. मी असले प्रबंध वाचतो. निवृत्त माणसाला वेळ असतो. काम मन लावून केलेलं असतं. पण गाव म्हणजे नकाशावरचा ठिपका, विहीर म्हणजे नमुना क्रमांक सतरा, आणि सगळं इंग्रजीत. ज्या शेतकऱ्यानं त्या पोराला विहिरीवर नेऊन पोहरा टाकून दिला, चहा पाजला, त्याला सतरा क्रमांकाचं काय झालं ते कळलेलं नसतं. प्रबंध जमा करताना प्रत्येक विहीरमालकाला एक पोस्टकार्ड मराठीतून पाठवल्याचा पुरावा जोडावा, अशी अट घालायला काय हरकत आहे? मी हे एका बैठकीत सुचवलं होतं. सगळ्यांना कल्पना फार आवडली आणि चहा आला.

शहरांना वाटतं, हे सगळं खेड्यांचं. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या नांदेड, किरकटवाडी, धायरी भागात अचानक माणसांचे हातपाय लुळे पडायला लागले. गुलेन-बारे सिंड्रोम हे नाव तेव्हा रिक्षावाल्यांच्याही तोंडी होतं. रुग्णांच्या नमुन्यांत पुण्याच्याच राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेला कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडले, आणि सगळ्यांच्या नजरा नांदेडगावच्या मोठ्या विहिरीकडं आणि तिच्या पाण्यात क्लोरीन किती उरतोय याकडं वळल्या. हीच ती संस्था, जिनं १९८१ मध्ये कोल्हापुरात पाण्यातून पसरलेल्या काविळीचा अभ्यास केला होता. एवढी विद्या ज्या शहरात, तिथंही शेवटी प्रश्न तोच विचारला गेला: पिवळं झालं का?

सगळीकडं अंधार आहे असंही नाही. मुंबईच्या आयआयटीत ग्रामीण तंत्रज्ञानाचं केंद्र आहे, 'सितारा'. तिथली पोरं कर्जत, मोखाड्याच्या पाड्यांवर जाऊन नळयोजना कागदावर चालते आणि टेकडीवर का चालत नाही, हे पाइप मोजून दाखवून देतात. पुणे विद्यापीठाच्या भूगर्भशास्त्रातून आलेल्या मंडळींनी 'अॅक्वाडॅम' उभी केली आणि गावातल्या माणसांना आपल्या पायाखालचा दगड वाचायला शिकवलं. पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. कलबागांनी ऐंशीच्या दशकातच शाळेच्या पोरांच्या हातात भूगर्भातलं पाणी शोधायचं यंत्र दिलं होतं. अटल भूजल योजनेत आमचा जिल्हाही आला, त्यामुळं गावोगाव पाण्याचा ताळेबंद भिंतीवर रंगवला गेला. आमच्या गावातही आहे. त्याच्यावर अर्धी जाहिरात मोबाइल दुकानाची चिकटवली आहे, पण पाऊस किती आणि उपसा किती हे आकडे अजून दिसतात.

आणि राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरं अजून होतात. 'युवकांचा ध्यास, ग्राम-शहर विकास' असा बॅनर लागतो, फेरी निघते, फोटो पडतात. पोरं वाईट नाहीत, त्यांना कुणी विहिरीवर नेलं तर जातात. यंदा आमच्या गावी शिबिर आलं तेव्हा पुतण्याच्या बायकोनं तेच केलं. सगळ्या पोरांना घेऊन गेली, पाच विहिरींचे नमुने घेतले आणि गुलाबी नळ्या ग्रामपंचायतीच्या कठड्यावर ओळीनं मांडून ठेवल्या. तिला कुणी हे शिकवलं नव्हतं. मी पाराची गोष्ट तिला सांगितली होती का, हे मला आठवत नाही; तिच्या म्हणण्याप्रमाणं मी ती प्रत्येक सणाला सांगतो.

नळ्या बघायला माणसं जमली आणि बोलणं नायट्रेटवरून भलतीकडं गेलं. गावच्या नळयोजनेच्या विहिरीलगत एकानं नवं बोअर मारलं आहे. १९९३ च्या कायद्यापासून पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक उद्भवाच्या ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर किंवा बोअर घेता येत नाही. बोअरवाला म्हणाला, माझं अंतर बरोबर भरतंय, मी मोटारसायकलच्या मीटरवर मोजलंय.

"कुठून मोजलं, मामा?" पुतण्याची बायको.

"रस्त्यानं. टाकीपासून आमच्या बांधापर्यंत."

"पाणी रस्त्यानं येत न्हाई, आन् टाकीतबी उगवत न्हाई. विहिरीपासून मोजा."

दोन बाजू पडल्या. कुणी तलाठ्याचं नाव काढलं, कुणी बोअरवाल्याच्या चुलत्याचं. शिबिरातल्या भूगोलाच्या एका मुलीनं फोनवर नकाशा काढून अंतर दाखवलं, तर बोअरवाल्यानं आपला फोन काढून दुसरं दाखवलं. शेवटी शाळेतून टेप मागवला, तो तीस मीटरचा निघाला, त्यातला पहिला एक मीटर तुटलेला. तरी मोजायला सुरुवात केली. तुरीच्या रानातून दीडशेपर्यंत गेले असतील, तोवर अंधार पडला. बाकीचं ग्रामसभेत, असं ठरलं. ग्रामसभा २६ जानेवारीला आहे आणि टेप यावेळी बोअरवालाच आणणार आहे.